आतल्या तळ्यातला जिताडा

मी, गोटीराम पदू घरत, वय ७४, धंदा मत्स्यशेती, राहणार खांदेश्वर, नवी मुंबई, हे मृत्युपत्र राजीखुशीने करून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. हृदय थकल्याचाही आहे. कोणाचा दबाव नाही. मनावर ओझे आहे, त्याचे कलम वेगळे केले आहे.

कलम १. राहते घर व बँकेतली ठेव मुलगा प्रीतम व सून नमिता यांना समान. नमिताच्या बिनमिठाच्या कालवणाला मी दोन वर्षे नावे ठेवली. ती मागे घेतो.

कलम २. माझे फेकजाळे शेजारी दिलीप यास. त्यानेच ते नेऊन फाडून आणले आणि ‘खेकड्याने कुरतडलं’ म्हणून सांगितले. आता त्यानेच शिवावे. दिलीपला साक्षीदार करणार होतो, पण ज्याला काही मिळते त्याने साक्षीला राहू नये असे वकील गीतांजलीताई म्हणाल्या. फाटके जाळेही मिळकतच आहे म्हणे.

कलम ३. घरामागची दोन्ही तळी धाकटी बहीण पुतळा हिला. आतले तळे वडिलांनी तिलाच दिले होते, ते मी फक्त परत करतो. बाहेरचे माझे, तेही तिला देतो. प्रीतमला दोन्ही बुजवून पार्किंग करायचे आहे. बाळा, करू नकोस. का, ते पुढे वाच.

कलम ४. ही कबुली आहे.

आमच्यात सोयऱ्यांच्या ताटात घरच्या तळ्यातला जिताडा मासा पडला नाही तर मान राहत नाही. सन २०१४ साली प्रीतमचा साखरपुडा ठरला आणि माझ्या तळ्यातले जिताडे वाढेनात. चूक माझी. हावरटपणाने चौपट पिल्ले सोडली होती, पाणी बदलले नव्हते, लहानमोठे वेगळे केले नव्हते. नुसती डोकी मोठी, अंग बारीक.

पुतळाच्या तळ्यात मात्र रोहू-कटल्याची पिल्ले बोटाएवढी झाली होती. नवरा गेल्यावर तिची सगळी भिस्त त्याच तळ्यावर. ती लेकीच्या बाळंतपणाला मोरा गावी निघाली आणि मला म्हणाली, “दादूस, तल्यावर लक्ष ठेव.” मी ठेवले. वडील सांगत, रोहू वीतभर झाल्यावर त्यात चार जिताडे सोडा, ते खाद्य पळवणारे भुरटे मासे खातात आणि रोहूला जागा होते. त्याआधी सोडलात तर रोहूच खातील. हे मला पाठ होते. तरी माझे चाळीस जिताडे मी तिच्या तळ्यात सोडले. दीड महिन्यात त्यांनी अंग धरले. तिचे तळे संपले.

पुतळा साखरपुड्याच्या सकाळी परत आली. सर्वांत मोठा जिताडा मी तिच्याच तळ्यातून काढला होता, आणि तो तिनेच मागच्या दारी विळीवर कापला. सोयरे बोटे चाटत उठले. दुसऱ्या दिवशी मी उरलेले जिताडे गुपचूप माझ्या तळ्यात आणले.

आठवड्याने तिने जाळे टाकले तर दहा-बारा मासे. गावकीत तिने विचारले, माझे मासे गेले कुठे? मी देवळासमोर सगळ्यांदेखत म्हणालो, “हिच्या हाताला बरकत नाय. नवरा गेला, आता मासं पन गेलं.” पुतळाने तळे सोडले. अकरा वर्षे झाली, ती स्टेशनबाहेर टोपली घेऊन दुसऱ्यांचे मासे विकते. येताना माझ्यासाठी दोन बोंबील काढून ठेवते. ते मी खातो. लाज वाटते, तरी खातो.

कलम ५. माझ्या मृत्यूनंतर बाराव्या दिवशी वरील कलम ४ गावकीत, त्याच देवळासमोर, प्रीतमने मोठ्याने वाचावे.

सहीपूर्वीची दुरुस्ती. वरील मसुदा गीतांजलीताईंनी वाचून दाखवला तेव्हा पुतळा बाजारात असेल अशी माझी समजूत होती. ती पडवीत बोंबील निवडत बसली होती. आत येऊन म्हणाली, “मना ठाव व्हता. तो जिताडा मीच कापला ना? त्याच्या पोटान माजंच रोहू व्हतं.”

मी विचारले, मग बोलली का नाहीस?

“सोयऱ्यांम्होरं काय बोलू? पोराचा साखरपुडा मोडला असता.”

आणि नंतर? गावकीत?

“मना वाटलं, तू बोलशील.”

मला रडू आले. ती म्हणाली, “तू मेल्यावर वाचून काय? तवा लोक तुला चांगलाच म्हनतील. तली मना नंतर दे. हे आदी बोल.”

सबब कलम ५ मधील ‘माझ्या मृत्यूनंतर बाराव्या दिवशी’ हे शब्द खोडून ‘येत्या रविवारी’ असे लिहिले आहे. ‘प्रीतमने’ हा शब्द खोडून ‘मी’ लिहिला आहे. दोन्ही ठिकाणची खाडाखोड माझ्या हातची व मला मान्य.

सही: गोटीराम पदू घरत

साक्षीदार, आमच्यासमक्ष सही झाली:
१. मिथुन काशिनाथ मढवी
२. वैजयंती नंदकुमार साने (भाडेकरू, वरचा मजला)

स्थळ: राहते घर, खांदेश्वर, नवी मुंबई
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार