गुहेतल्या माणसाला दाजींचं तोंड

आदरणीय एवारिस्तो दाजींना पेन्याकोर्बाहून निकानोरचा मनापासून नमस्कार.

इकडे आम्ही बरे आहोत, गायी आमच्याहून बऱ्या आहेत. माझा गुडघा पावसाच्या आदल्या दिवशी दुखतो, आणि आपल्या अस्तुरियासात उद्या पाऊस नाही असा दिवस नसतो, तेव्हा काय ते समजून घ्या. तुमचा रक्तदाब कसा आहे? तिकडे परदेशात, लिएजला थंडी फार पडलीय, असं ताई फोनवर म्हणाली. तिला माझा नमस्कार सांगा, पण पत्र आधी तुम्ही एकट्याने वाचा. ती एकदा हसत सुटली की कुणाला काही वाचू देत नाही, हे मी सख्खा भाऊ म्हणून सांगतो.

दाजी, तुमचा फोटो पेपरात आलाय. म्हणजे तो तुम्ही नव्हे. पण तुम्हीच आहात. आता सगळं पहिल्यापासून सांगतो.

माझं चीज ज्या गुहेत मुरत असतं, तिथे डॉक्टर उर्बानो म्हणून एक गृहस्थ ब्रश आणि चमचे घेऊन आले आणि जमीन खरवडू लागले. (हे औषधाचे डॉक्टर नव्हेत. मी गुडघा दाखवला, तर म्हणाले, चाळीस हजार वर्षांनी या.) चीज हलवावं लागलं, ते आता आमच्या झोपायच्या खोलीत आहे आणि बायको माहेरी आहे. तर गुहेत हाडं सापडली ती निअँडरथलांची. फेर्मीनच्या गुत्त्यात बसून डॉक्टरांनी आम्हाला नीट समजावलं की ते आपले थेट पूर्वज नव्हेत, ते चुलत घराणं. आपले पूर्वज मागाहून आले, दोघं काही काळ याच मुलखात वावरले आणि त्यांच्यात सोयरीक झाली. म्हणून आपल्या रक्तात आजही शंभरात दोनेक भाग त्यांचे आहेत. फेर्मीनने विचारलं, "सोयरीक म्हणजे रीतसर लग्न, की नुसतंच?" डॉक्टर म्हणाले, त्याचा पुरावा मिळालेला नाही. पाद्रीबाबांनी ग्लास अर्धा टाकला आणि उठून गेले. त्यांनी दारू अर्धी टाकलेली मी जन्मात पहिल्यांदा पाहिली.

एका कवटीवरून पुतळा करायचं ठरलं. त्यासाठी ओव्हिएदोहून बेगोन्या नावाच्या शिल्पकार बाई आल्या. अगदी शिस्तीच्या. हाडावर कुठे किती मांस असतं ते मोजून मोजून लावायच्या, मनाचं काही नाही. त्यांनी तुम्हाला कधी पाहिलेलं नाही, दाजी, हे मी शपथेवर सांगतो, कारण गावात निम्म्या लोकांचा संशय माझ्यावर आहे.

जुनी शाळा पोरं नसल्यामुळे बंदच होती, तिचं संग्रहालय केलंय. उद्घाटनाला सगळा गाव, काखेत फुगवलेली पिशवी दाबून वाजवणारे दोन मशकबीनवाले आणि सरपंचांचं लांबलचक भाषण. तुमच्या मातोश्री, आमच्या रेमिहियाकाकू, पहिल्या रांगेत. पडदा ओढला. दाट भुवयांखाली पुढे आलेलं हाड, फावड्यासारखं नाक, बैलाची मान. सगळे नुसते बघत राहिले, कारण ओळखीचं वाटत होतं पण नाव आठवत नव्हतं. (अडचण दाढीची झाली. त्या लोकांना आपल्यासारखी पुढे आलेली हनुवटी नसायची, ते दिसावं म्हणून बाईंनी पुतळ्याला दाढी लावलीच नव्हती. तुमचा बिनदाढीचा चेहरा गावात फक्त काकूंना आणि न्हाव्याला माहीत, आणि न्हावी वारला. तुम्ही लग्नाआधीपासून दाढी का ठेवलीत, याचा उलगडा ताईला आता होईल.) इतक्यात काकू उठल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "एवारिस्तो! कधी आलास? आणि कपडे कुठेत तुझे?"

पुढचं वर्णन करत नाही. मशकबीनवाल्याला हसताना उचकी लागली आणि त्याचं वाद्य अर्धा तास आपोआप वाजत होतं, एवढंच सांगतो.

डॉक्टर बिचारे सभ्य, त्यांनी भाषण सुरूच ठेवलं. शेजारच्या काचपेटीतला एक जबडा त्यांनी दाखवला. म्हातारीचा. दात एकही नाही, आणि हाड पार झिजून भरून आलेलं. म्हणजे दात पडल्यावरही ती बाई बरीच वर्षं जगली. डॉक्टर म्हणाले, "हिला स्वतः शिकार करणं शक्य नव्हतं. कुणीतरी हिला मांस कुटून, मऊ करून भरवत असणार. या लोकांना आपण रानटी म्हणतो, पण आपली म्हातारी माणसं त्यांनी टाकली नाहीत."

तेव्हा काकू पुतळ्याकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंस का रे?"

आधी लोक हसले. मग कुणी हसेना. सरपंचांनी घाईघाईने सफरचंदाची दारू वाटायला सांगितली, आणि मीसुद्धा माझा ग्लास घेऊन बाहेर जाऊन उभा राहिलो. मी तुम्हाला दोष देतोय असं समजू नका. कारखाना, नातवंडं, रक्तदाब, सगळं आम्हाला कळतं. तुमच्या वडिलांच्या अंत्यविधीला तुम्ही आला होतात, तेव्हाही परतीची गाडी गाठायची होतीच.

तेव्हापासून काकू रोज दुपारी शाळेत जातात. सोबत घेवड्या-डुकराच्या रश्शाचा डबा. पुतळ्यासमोर खुर्ची टाकून बसतात आणि गावातल्या बातम्या सांगतात: कुणाची गाय व्याली, कुणाची सून पळाली. त्यांनी विणलेला स्वेटर पुतळ्याला घालू द्यावा का, यावर पंचायतीत मतदान झालं. डॉक्टर विरोधात होते, बाकी सगळे बाजूने. आता जर्मन पर्यटक त्या दोघांचा फोटो काढतात, आणि पेपरात आलाय तो हाच. डोकं फिरलंय म्हणावं, तर बाई पत्त्यांत मला रोज हरवते. मी परवा हळूच विचारलं, "काकू, तो पुतळा आहे हे माहीत आहे ना?" त्या म्हणाल्या, "मला काय मूर्ख समजतोस? पण मी बोलत असताना हा घड्याळाकडे बघत नाही."

असो. सर्वांना आशीर्वाद आणि मुके. रक्तदाबाची गोळी चुकवू नका.

तुमचा मेहुणा,
निकानोर

ता. क. दाढी काढून ताळा पाहावा असं ताईच्या मनात येईल. काढू देऊ नका. संसार इतकी वर्षं चाललाय, चालू द्या.

ता. क. २. डॉक्टरांना तुमची थुंकी हवी आहे. बाटलीत घालून पाठवा म्हणतात. मी सांगितलं की दाजी मानी आहेत, पण विचारून बघतो.

ता. क. ३. मुख्य गोष्ट राहिलीच. काल काकू शाळेतून लवकर परतल्या. म्हणाल्या, पोरगा दिसायला तसाच आहे, पण मांस कुटून देत नाही. मग त्यांनी ट्रंक भरली. गुरुवारच्या बसने लिएजला निघताहेत, शनिवारी सकाळी स्टँडवर उभे राहा. दात नाहीत, तेव्हा मांस मऊ शिजवा. मी त्यांना पुष्कळ अडवलं असतं, पण तिकीट मीच काढून दिलंय. फक्त जायचं, परतीचं नाही.