आजोबांचा उपास

कोतोनू, ६ ऑक्टोबर १९९८

ती. हुएफाताईस,
सा. न. वि. वि.

टॅक्सीवाल्या बोनीफासबरोबर झाकणाची एक टोपली पाठवतो आहे. आधी पत्र वाच, मग टोपली उघड. तू उलटंच केलं असणार, तेव्हा आता निदान खाली बस.

टोपलीत अजगर आहे. माझ्या मागच्या खोलीत तो बेल्जियन इंजिनिअर भाड्यानं राहायचा, त्यानं त्याला काचेच्या पेटीत पाळला होता. लोक पोपट पाळतात तसा. त्याचं नाव मोरिस ठेवलं होतं. ताई, आपल्या वीद्याच्या देवळात ज्यांना आजोबा म्हणत आपण गुडघे टेकतो, त्यांना हा मनुष्य मोरिस म्हणून हाका मारायचा. महिन्यापूर्वी त्याची बदली झाली. जाताना त्यानं फ्रिज नेला, पडद्यांच्या दांड्यासुद्धा नेल्या, मोरिसला तेवढं ठेवून गेला. मी खोली उघडली तेव्हा पेटीत एक जुना कमरपट्टा पडला आहे असं वाटलं.

पेलाजीचं म्हणणं, या घरात एक तर येशूची तसबीर राहील नाही तर हा. मी चर्चच्या समितीवर आहे, त्यामुळे अधिकृतपणे मी त्याला पाहिलेलंच नाही. पण मीही आपल्या बाबांचाच मुलगा आहे, त्याला मरायला कसा टाकू? तू त्याला चार घास खायला घाल. तुझ्या हातचं खाऊन कोण बारीक राहिलं आहे, माझ्याकडेच बघ.

तुझ्या नणंदबाईंना नमस्कार सांग. टोमणा मारतील त्यातला अर्धा मला लिहून कळव.

तुझा,
सेतोन्जी


वीदा, १५ ऑक्टोबर

चि. सेतोन्जीस,
अनेक आशीर्वाद.

टोपली आधी उघडली. पुन्हा असं केलंस तर तुझं लग्न मोडून पेलाजीला माझ्याकडे आणीन, ती शहाणी आहे.

आजोबा पोचले. ते मोरिस नाव मी कोणाला सांगितलेलं नाही, तूही चर्चमध्ये जपून राहा. बातमी गल्लीभर व्हायला वेळ लागला नाही. सकाळपासून माणसं येतात, गुडघे टेकतात, जमिनीला कपाळ लावतात, आजोबांना हातात घेऊन गळ्यात घालतात, पोराबाळांच्या डोक्यावरून फिरवतात. मी पाहुण्यांना पाणी देऊन देऊन दमले. आजोबांपुढे ताडाच्या लाल तेलात परतलेली अंडी ठेवली, धुरावलेली मासळी ठेवली, बाटलीतली जिन शिंपडली. त्यांनी काय करावं? स्वतःचा गोळा केला आणि डोकं मधोमध लपवलं. जिवंत कोंबडीचं पिल्लूही आणून समोर सोडलं, सगळी गल्ली बघत होती. ते पिल्लू शेवटी समोरच्या ब्लेझच्या मुलानं घरी नेलं.

देवळात का देऊन टाकत नाही, असं विचारशील. असला हाडांचा सापळा हातावर घेऊन मी देवळात गेले, तर कोणत्या घरी उपाशी ठेवला म्हणून विचारणार नाहीत का? आणि येत्या जानेवारीच्या उत्सवात पाण्याची पहिली घागर घराण्यातून मी घेऊन चालायची आहे, हे तुला ठाऊक आहे. माझ्या सासूनं मरताना ठरवलं होतं. माझ्यामागे दुसरा मान वन्संचा. आजोबा माझ्या घरी गेले तर पांढऱ्या कापडात गुंडाळून माणसासारखं पुरावं लागेल, आणि पहिली घागर तिथेच वन्संच्या डोक्यावर जाईल. वन्सं रोज भिंतीपलीकडून चौकशी करतात. काल म्हणाल्या, आमच्या भावाच्या संसारात माणसं काटकसरीला सरावली, आजोबांना जरा वेळ लागेल. तुझा अर्धा टोमणा हा. उरलेला अर्धा मी गिळला.

काहीतरी उपाय कळव. आशीर्वाद आहेतच.

हुएफा


कोतोनू, २४ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जनावरांच्या डॉक्टरांना भेटलो. माझ्या एका मित्राचा साप आजारी आहे असं सांगितलं. ते हसले. कोतोनूत प्रत्येक समितीवाल्याचा असा एक मित्र असतो म्हणे.

त्यांचं म्हणणं ऐक. हा प्राणी भित्रा आहे. गोळा होतो तो रुसून नव्हे, घाबरून. त्याला अंधारी, घट्ट, उबदार जागा हवी, सगळीकडून अंगाला टेकेल अशी. कोणी बघायचं नाही, कोणी हात लावायचा नाही, गळ्यात तर मुळीच घालायचं नाही. मग जवळ काहीतरी छोटं, जिवंत, उबदार हलत असलं पाहिजे. तुझी अंडी त्याला कळत नाहीत. धडधाकट साप महिनोन्‌महिने उपाशी राहतो, पण याच्या अंगावर उपास करायला मांसच उरलेलं नाही. थोडक्यात, ताई, तुम्ही सगळे मिळून त्यांना नमस्कार करून मारता आहात.

त्या बेल्जियनासारखं पेटीत ठेव म्हणालो असतो, पण मला वीद्याला पुन्हा जिवंत यायचं आहे.

तुझा,
सेतोन्जी


वीदा, ८ नोव्हेंबर

चि. सेतोन्जीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या डॉक्टरांना आमची गल्ली दाखवायला पाहिजे. आजोबांना नमस्कार करू नका असं मी कोणत्या तोंडानं सांगू? कोंडून ठेवलं तर पिढ्यान्‌पिढ्या बोलतील. दोन दिवस मी डोकं धरून बसले आणि मग मला एकदम आपली लहानपणची शेजारीण आठवली, दीक्षा घ्यायला मठात गेलेली. कुंपणाबाहेर आईसुद्धा उभी राहायची, आत डोकवायची कोणाची छाती नव्हती.

मी गल्लीत जाहीर केलं की आजोबा एकांतात बसले आहेत. मागची कोठडी हा त्यांचा मठ. दाराला ताडाच्या झावळ्यांची झालर लावली, तिला पाहून माणसं जागच्या जागी थांबतात. एकानंही प्रश्न विचारला नाही. उलट मला सगळे थोडे घाबरायला लागले आहेत, त्यात वाईट काही नाही. अजगरानं कसली दीक्षा घ्यायची, असं फक्त वन्संनी विचारलं. मी म्हटलं, ते बाहेर सांगायचं नसतं. त्या पाठ फिरवून निघून गेल्या, तो दिवस मी लक्षात ठेवला आहे.

भिंतीलगत जुना मातीचा माठ आडवा ठेवला, त्यात आजोबा मावले आणि प्रथमच सैल झाले. मग उंदीर सोडला. सकाळी बघते तर उंदीर आजोबांच्या पाठीवर झोपलेला. त्याला तिथे ऊब मिळाली असावी.

आजोबा एरवी हलत नाहीत. पण भिंतीपलीकडे वन्संच्या खुराड्यात पिल्लं किलबिलली की डोकं उचलून जीभ काढतात आणि भिंतीकडे बघत राहतात. म्हणून मान खाली घालून वन्संकडे एक पिल्लू मागायला गेले. त्या म्हणाल्या, ही उत्सवाची आहेत, आणि ज्यांच्या घरी आजोबा आलेत त्यांनी आजोबांना पोसावं. हे बोलताना त्या दाणे टाकत होत्या, हाताची गती जराही कमी झाली नाही.

आजोबांच्या पाठीचा कणा आता बोटानं मोजता येतो. मी त्यांच्यापुढे बसून त्यांना समजावते. हसू नकोस. माझ्यासाठी एक घास खा म्हणून तुला कितीदा म्हटलं होतं, ते शब्द तेच आहेत.

हुएफा


कोतोनू, १९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हसलो नाही. पेलाजीनंही वाचलं, आणि रात्रीच्या प्रार्थनेत एका आजारी मोरिससाठी दोन शब्द म्हटले. कोण म्हणून पाद्रींनी विचारलं तर बेल्जियमचे आहेत म्हणाली.

नणंदबाईंचा नाद सोड. बाजारातून पिल्लू आण, पैसे मी पाठवतो. घागरीचाही विचार सोड, जीव वाचला तर पुष्कळ. लवकर कळव, पोस्टमन दिसला की मी दारात धावतो.

तुझा,
सेतोन्जी


वीदा, १२ डिसेंबर

चि. सेतोन्जीस,
अनेक आशीर्वाद.

आजोबा खायला लागले. तुझे डॉक्टर बरोबर होते, एकांतानंच गुण आला. पाठ भरते आहे, कातडी चकचकीत झाली, काल तर माझ्या हाताला चांगलं वजन लागलं. बाजारातून काही आणावं लागलं नाही, पैसे परत पाठवते.

बाकी नवीन काही नाही. ब्लेझच्या बायकोला मुलगी झाली. माझ्या दुकानात मेणछपाईचं नवीन कापड आलं आहे, पेलाजीसाठी एक तुकडा बाजूला ठेवला. वन्संची पिल्लं मात्र अधूनमधून कमी होतात. त्या मांजराला शिव्या देतात. मी म्हटलं, हल्लीची मांजरं फार माजली आहेत.

पावसाळ्यात भिंत जरा खचली होती, तेवढी एकदा बघायला हवी. घाई नाही.

हुएफा


वीदा, ३ जानेवारी १९९९

चि. सेतोन्जीस,
अनेक आशीर्वाद, आणि नवीन वर्षाचे वेगळे.

काल सकाळी वन्संनी हाक मारली ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली. धावत गेले. खुराड्यात आजोबा, पोटाशी मोठा उंचवटा, आणि कोपऱ्यात कोंबडी एकटी. वन्संचा चेहरा बघायला तू हवा होतास. आधी त्यांनी पिल्लं मोजली, मग भोवती जमलेली माणसं मोजली, आणि मग गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावलं. आजोबा ज्या घरी जेवतात त्या घराला रडता येत नाही, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

उठल्या त्या निराळ्याच. म्हणाल्या, आजोबा माझ्याकडे आले, आपल्या पायांनी आले. पाय नसतात असं कोणीतरी पुटपुटलं. मग त्यांना वाटलं असावं की एखादा मरतुकडा भिकारी आला असं लोक समजतील. म्हणून त्यांनी आजोबांना दोन्ही हातांवर उचललं आणि सगळ्यांना दाखवत फिरल्या. बघा केवढे जड, बघा कातडी, आजारी प्राणी का भिंत ओलांडतो, हे माझ्या दारी भीक मागायला आले नाहीत, चांगले धष्टपुष्ट पाहुणे म्हणून आले. ह्याच वन्सं नाताळच्या आदल्या दिवशी घराण्याच्या थोरल्या काकांना सांगून आल्या होत्या की हुएफाच्या घरी आजोबा अखेरच्या घटका मोजत आहेत, तेव्हा घागरीचा विचार आत्ताच करावा.

काका तिथेच उभे होते. त्यांनी आजोबांना हातात घेतलं, वजन पाहिलं, आणि वन्संना म्हणाले, तू म्हणतेस ते खरं आहे अकुआवी, हे हुएफाच्या घरून चांगले बरे होऊन आले आहेत. घागर ठरल्याप्रमाणे.

आजोबांना वाजतगाजत देवळात पोचवलं. मठ रिकामा झाला. माठ अजून उचललेला नाही, उगीच तिकडे बघवत नाही.

पेलाजीला घेऊन उत्सवाला ये. समितीला सांग की बहीण आजारी आहे.

हुएफा


कोतोनू, ६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

येतो. समितीला सांगितलं आहे, तू गंभीर आहेस.

पत्र आम्ही दोघांनी पुन्हा पुन्हा वाचलं. पेलाजीला एक कोडं पडलं आहे. ती भिंत तुझ्या सासऱ्यांनी बांधली. माझ्या डोक्यापेक्षा उंच आहे, आणि वरून बाटल्यांच्या काचा लावल्या आहेत. ती ओलांडून आजोबा गेले कसे? गेले तर दर वेळी परत माठात कसे यायचे? आणि त्या दिवशी पोट एवढं भरल्यावरच नेमके पलीकडे कसे राहिले? मी तिला म्हटलं, रिकाम्या पोटी माणूस जिथून आत शिरतो, तिथून जेवून बाहेर येता येतंच असं नाही. पण नणंदबाई खुराड्यात भिंतीसमोर पार कपाळ टेकून होत्या, त्यांना काहीच दिसलं नाही?

आणखी एक. बाजारात पिल्लं मिळतात, पैसेही मी पाठवले होते. तू परत का केलेस?

तुझा,
सेतोन्जी


वीदा, ८ जानेवारी

चि. सेतोन्जीस,
अनेक आशीर्वाद.

वन्संनी डोळे मिटले होते. भक्ती खरी असली की असं होतं.

बाजारात पिल्लं मिळतात हे मलाही ठाऊक आहे. वन्संनी नाही म्हटलेलं पिल्लू बाजारात मिळत नाही.

देवळातून आजोबांना रात्री मोकळं सोडतात. काल सकाळी ते माझ्या माठात होते. मी त्यांना हात लावला नाही, नुसती बसून राहिले. पलीकडे कोंबडीनं नवीन अंडी उबवायला घेतली आहेत, आणि वन्संनी आजोबा पुन्हा यावेत म्हणून खुराड्याच्या दाराला झावळ्यांची झालर लावली आहे. मी ती नीट बांधून दिली.

येताना कोतोनूहून एखादा चांगला गवंडी घेऊन ये. भिंत दुरुस्त करून घेऊ. सगळी, एक वीट सोडून.

पेलाजीला सांग, प्रार्थनेत मोरिसला विसरू नकोस.

हुएफा