डाव्या पायाचे बूट

ता. ४ मार्च

चि. खारुताई हिस,
अ. आ.

तुझं खोकं पोचलं. सहा पुस्तकं, आणि वर दोऱ्याने बांधलेलं एक टाइप केलेलं बाड, लेखकाच्या नावाशिवाय. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी शाळेच्या लायब्ररीत आठवी-नववीच्या मुलींसाठी पुस्तकं निवडायला मलाच बोलावतात. तेव्हा तू प्रकाशनात लागलीस म्हणून माझं मत मऊ होईल, अशी आशा ठेवू नकोस.

ऐकू न येणाऱ्या मुलाचं पुस्तक आवडलं. तो पत्त्यांत लबाडी करतो आणि आई रागावली की मान फिरवून बसतो, म्हणजे तिचे ओठ दिसायला नकोत. आई-बाबांऐवजी दोन आया असलेल्या मुलीचंही बरं आहे. त्या दोघी ओल्या टॉवेलवरून भांडतात, म्हणून खऱ्या वाटल्या. बाकीच्या चारांनी मात्र वैताग आणला. सावळी मुलगी, ती समजूतदार. परक्या देशातून आलेला मुलगा, तोही समजूतदार. वर्गातल्या इतरांनी दंगा करायचा आणि यांनी त्यांना शहाणं करून सोडायचं. पोरं आहेत की समुपदेशक?

असली पुस्तकं निघायलाच हवीत गं. आमच्या कॉन्व्हेंटच्या काचेच्या कपाटात माझ्यासारखी मुलगी एकाच पुस्तकात होती. सिस्टरनी मला ते बक्षीस दिलं होतं. त्या काळी लंगडी मुलगी शेवटच्या प्रकरणात एकतर चालू लागायची, नाहीतर मरायची. आता ती मरत नाही, प्रवचन देते.

सगळ्यात वाईट ते बाड. पायाला कॅलिपरच्या लोखंडी पट्ट्या लावलेली मुलगी. तिला सहलीला नेत नाहीत, तर ही फाटकाशी उभी राहून सगळ्यांना हसत हात हलवते. मी पेन्सिल आपटली. लिहिणाऱ्याने कॅलिपर जवळून पाहिलेलाच नाही. परत पाठव म्हणावं.

जेवणाच्या वेळा सांभाळ. आठवण येते.
तुझी आत्या

ता. ११ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न.

बाड माझं आहे. नाव दिसलं असतं तर तू लाडाने वाचलं असतंस, म्हणून काढलं. हुशारी अंगाशी आली. दोन दिवस तुझ्यावर रागावून होते, म्हणून उत्तराला उशीर.

कॅलिपर मी जन्मापासून बघत आलेय, तुझाच. सहलीची गोष्ट बाबांनी शंभर वेळा सांगितली आहे. ते सात वर्षांचे होते, आजीचा हात धरून फाटकाबाहेर उभे होते. बस सुटली आणि तू हसत हात हलवलास. आमची आत्या किती मोठ्या मनाची, हे त्यांनी मला त्या गोष्टीवरून शिकवलं. पुस्तक पंचवीस तारखेला छपाईला जायचंय, नव्या मालेतलं पहिलं. तेव्हा खोटं नेमकं काय आहे ते सांग. नुसती पेन्सिल आपटू नकोस.

रागातही तुझीच,
खारुताई

ता. १४ मार्च

चि. खारुताई हिस,
अ. आ.

वाचताना मी मला ओळखलं नाही, यातच सगळं आलं.

हात हलवला, खरं आहे. तुझ्या बाबाने तेवढंच पाहिलं आणि तो तुझ्या आजीबरोबर घरी गेला. मी आत गेले. मुली कॅनव्हासचे बूट घालून सहलीला गेल्या होत्या. त्यांचे शाळेचे काळे बूट वर्गाबाहेर ओळीने लावलेले होते. सदतीस जोड. मी त्यातले फक्त डावे उचलले, झग्याच्या ओच्यात भरले, सात-आठ फेऱ्या केल्या आणि बागेमागच्या हौदात सोडले. माझा डावा पाय चालत नव्हता, मग कुणाचाच नको.

सिस्टरनी पलीकडच्या शाळेतल्या मुलग्यांवर आळ घेतला. मी दिवसभर तिथेच होते, पण मला कुणी साधं विचारलंसुद्धा नाही. उलट एकटी राहिले म्हणून बिस्किटं मिळाली. ती बिस्किटं अजून घशात अडकलेली आहेत.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुला हवं तर घे.

आत्या

ता. २३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न.

ऑफिसात वाचलं आणि इतकी हसले की शेजारच्या मुद्रितशोधकाने पाणी आणून दिलं. मग रडले. आठ दिवसांत ते प्रकरण नव्याने लिहिलं.

संपादकबाई म्हणतात की अशा मुलीला खुनशी दाखवलं तर पालक तक्रारी करतील. बुटांचा प्रसंग काढ, नाहीतर शेवटी तिला रडव आणि सगळ्यांची माफी मागायला लाव. मी रडवलं. पान एकशे बारा. सोबत जोडलंय. छपाई आठवडाभर पुढे ढकलली आहे. लवकर कळव.

तुझी घाबरलेली,
खारुताई

ता. २६ मार्च

चि. खारुताई हिस,
अ. आ.

तुझ्या गोष्टीतली मुलगी बुटांच्या नाड्या एकमेकींत बांधते, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. फेऱ्या वाचल्या असत्या.

पण एकशे बारा नको. मी रडले नव्हते. साठी उलटली तरी मला त्या बुटांचं वाईट वाटत नाही. बाकीच्या मुली काही करून बसल्या की शिक्षा व्हायची. मला तेवढीही किंमत नव्हती, याचं वाटतं. पुस्तक तुझं, नोकरीही तुझी, तेव्हा ठरव तू. मात्र ते पान राहिलं तर मी हे पुस्तक शाळेतल्या माझ्या मुलींच्या हातात देणार नाही, मग भाची असलीस तरी.

कडक बोलले, पण माया तीच आहे.
आत्या

ता. २ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न.

पान काढलं. संपादकबाईंनी पुस्तक मालेतून काढलं. सवडीने वेगळं छापू म्हणाल्या, थोड्या प्रती. दोन दिवस त्या माझ्याशी कामापुरतं बोलतायत.

रविवारी घरी जाऊन बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, ही माझी बहीण नव्हे. मग त्यांनी विचारलं की इतकी वर्षं मी ती हात हलवल्याची गोष्ट आल्यागेल्याला सांगायचो, ती समोर बसून ऐकायची, तेव्हा तिला मला थांबवावंसं एकदाही वाटलं नाही का.

याचं उत्तर तुझ्याकडेच आहे. पुढचं पत्र मला नको, त्यांना लिही.

तुझी,
खारुताई