मधला डबा

अमरावती,
८ फेब्रुवारी १९६४

प्रिय श्रावण,

तुझं कार्ड मिळालं. "बाई, नवराबायकोच्या मधात तू काहून पडून राहिली? तुहा तिथं काय उपेग?" असं विचारतोस. आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलेल्या बहिणीला हा प्रश्न तू आधीही विचारला होतास. हिवरखेडच्या शंकरपटात, बैलजोड्यांच्या शर्यतीत, माइक आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या मधला माझा बफरचा डबा तू काढून ठेवलास. "आवाज तं वाढवत नाही, फुकटची बॅटरी खाते," म्हणालास.

तेव्हा ऐकलं नाहीस, आता ऐक. क्रिस्टलच्या माइकचा जीव एवढासा. त्याला लांबलचक तार आणि अ‍ॅम्प्लिफायर थेट जोडला, की त्यांची ओढ त्याला झेपत नाही आणि आवाज तिथेच बसतो. बफर माइककडून जवळजवळ काहीच घेत नाही. आला तेवढाच आवाज तो पुढे देतो, पण स्वतःच्या बॅटरीच्या बळावर. मागच्यावर ओझं पडू न देणं, एवढंच त्याचं काम. त्या दिवशी पुकारा करणारा देवमन माइकवर "बाजूले व्हा" म्हणून ओरडत होता आणि कर्ण्यातून कुजबुज येत होती. उधळलेली बैलजोडी बघ्यांतल्या खुशालरावांच्या मांडीवरून गेली. धोतरातून बाहेर आलेलं हाड तू पाहिलंस, मग डबा परत जोडलास.

तुझी सून मैना. तिचा आवाज मुळातच बारीक. तुझ्या घरात तिने तोंड उघडलं की सासू, दीर, तू, सगळे तुटून पडता आणि शेवटी तिच्या नवऱ्याचा, सूर्यभानचा पट्टा. माझ्याकडे आली तेव्हा तिच्या कानातून रक्त येत होतं आणि ती म्हणत होती, "काही नाही आत्याबाई, मी पडली." मी काही विचारलं नाही. जेवू घातलं, निजू दिलं. एक दिवस ती आपणहून बोलली. तिला घेऊन पोलिसांत गेले. तिथला जमादार तिच्यावर डाफरला, तेव्हा त्याच्या टेबलासमोर मी उभी राहिले. बोलली तीच. मी त्यात एक शब्द घातला नाही.

परवा सूर्यभान आला. लाथेने दार फोडलं, तिची वेणी मनगटाला गुंडाळून तिला उंबऱ्यावर आपटलं. दुसऱ्या हातात विळा. "मधात येऊ नको आत्या, तुलेही तोडीन." मी खलातला लोखंडी बत्ता उचलला. पहिला घाव मनगटावर. विळा पडला. दुसरा गुडघ्यावर. तिसऱ्याची गरज नव्हती, तोही घातला.

मनगट जुळेल, गुडघा पूर्वीसारखा होणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. मी माझा जबाब दिला आहे, तिसऱ्या घावासकट. कोर्टात जे व्हायचं ते होईल. तो इथल्या दवाखान्यात पडून आहे आणि लहानपणासारखा तुझ्या नावाने रडतो, म्हणून हे पत्र. अकोल्याहून सकाळच्या मोटारीने ये, लेकाला घेऊन जा. माझ्या घराकडे मात्र फिरकू नकोस. दारात पुरुषाची वहाण वाजली की मैना अजून पलंगाखाली जाते.

तरीही तुझीच बहीण,
वच्छला