एका सीटची गाडी

३ डिसेंबर
शेडमध्ये अखेर जुनी, लाल रेसिंग गाडी आली. सीट एकच. दिवे, हॉर्न, रिव्हर्स गेअर काहीच नाही. देवाचे नाव घेऊन संकल्प केला: तीन महिन्यांत ही रस्त्यावर धावणार. बायकोने विचारले, कशासाठी? शिसारी आली. सौंदर्याला कोणी असे विचारते का?

११ डिसेंबर
दुकानातले हॉर्न बकरी शिंकल्यासारखे वाजतात. घरच्या गाडीचा काढून लावला. तात्पुरता. बायको म्हणाली, मग रस्त्यात मी काय करू? म्हटले, तुझा आवाज पुरेसा आहे. जेवण गार मिळाले.

२ जानेवारी
घरच्या गाडीचे दिवे, आरसे, वायपर काढले. तात्पुरते. वायपरला काच लागते. काच काढली.

९ जानेवारी, सकाळी ६
घरच्या गाडीला यापुढे हात लावणार नाही. देवापुढे कबूल केले.

सायंकाळी ७
गेअरबॉक्स काढला. नाइलाज. रस्त्यावर आणायची तर गाडी मागेही गेली पाहिजे, असा नियम आहे. मागेच जायचे असते तर देवाने माणसाला डोळे पुढे कशाला दिले असते? या विषयावर बराच वेळ चिंतन केले. नियमांची किळस येते.

२० जानेवारी
मेव्हणा आला. घरच्या गाडीकडे बघून म्हणाला, दाजी, चोरी झाली का हो? पोलिसांत कळवलंत? त्याच्याशी बोलणे बंद.
बायको नर्स आहे. एक मार्चपासून तिची सकाळी सहाची ड्यूटी, नव्या हॉस्पिटलात. त्या वेळी बस नसते. तिला शब्द दिला: तोवर तुझी गाडी दारात उभी असेल.

६ फेब्रुवारी
रेसिंग इंजिन सुरू केले. चार सेकंद स्वर्ग. मग पिस्टन फुटला. भिंतींवर काळे तेल. मांजर घर सोडून गेले. जुन्या कारागिरांचाही वीट आला.

७ फेब्रुवारी
घरच्या गाडीचे इंजिन काढायला घेतले. तात्पुरते.

२८ फेब्रुवारी
गाडी मेव्हण्याच्या टेम्पोतून तपासणीला नेली. इन्स्पेक्टरने बॉनेटखाली डोके घातले, इंजिनाचा नंबर कागदांशी ताडून पाहिला आणि विचारले, काका, यात रेसिंग गाडी कुठाय? ही तुमच्या घरचीच गाडी. फक्त छप्पर आणि बाकीच्या सीटा काढल्यात. मग स्वतः एक चक्कर मारून पास केली. घरच्या गाडीचे कागद बायकोच्या नावावर होते, तिच्याच नावावर राहिले. ती सहीला आली होती, तीच चालवत घरी गेली. मी टेम्पोतून आलो. मेव्हणा वाटभर बोलत होता.

१ मार्च, पहाटे साडेपाच
बायको स्वेटर आणि कानटोपी घालून आली. म्हणाली, शब्द पाळलात हो. एका दमात रिव्हर्स घेऊन शेडबाहेर पडली. कोपऱ्यावर हॉर्न वाजवला. आपलाच हॉर्न, लगेच ओळखला.

सकाळी ७
घरच्या गाडीच्या सांगाड्यात बसून चहा घेतला. मागची सीट अजून चांगली आहे.
लाल गाडी मी एकदाही चालवलेली नाही. संध्याकाळी विचारून बघेन.