चरबीवाल्याच्या दुकानाला सील

३ मे
आजपासून रोज लिहायचं. कर्तबगार माणसं लिहितात.
गल्लीच्या टोकाला एक चरबीवाला आहे. खाटकांकडची चरबी आणतो, कढईत वितळवतो, साबणवाल्यांना विकतो. वास असा, की सकाळचा चहा नाक दाबून प्यावा लागतो. आणि मी या वॉर्डाचा सॅनिटरी इन्स्पेक्टर! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. संकल्प: या महिन्यात दुकान बंद. मग माझं प्रमोशन कोण अडवतो बघू.

५ मे
तपासणी. शी! भिंतीला हात लागला तो सुटेना. कोपऱ्यातला उंदीर मला बघून जागचा हललासुद्धा नाही. चरबीवाला म्हणाला, बसा साहेब, चहा मागवतो. तिथे चहा! नोटीस दिली.

९ मे
सील ठोकलं! चरबीवाला हातापाया पडत होता. कालच ताजा माल भरलाय, तेवढी पिंपं काढू द्या म्हणे. मी काय कच्च्या गुरूचा चेला आहे? म्हटलं, तो पुरावा आहे. आमचा शिपाईही कानाशी लागला, माल काढू द्या म्हणून. दोघं सामील! दार, खिडकी, झरोका, सगळीकडे कुलूप आणि लाख. चरबीवाला भावाकडे निघून गेला. घरी आईस्क्रीम नेलं.

१२ मे
वास जातोय. ही म्हणते, वाढलाय. बायकांना कशाचंच कौतुक नाही. भिंतीत मुरलेला जुना वास आधी बाहेर पडणारच. शास्त्र आहे ते.

१५ मे
माशा. हिरव्या, टपोऱ्या. दाराखालून पिवळं काहीतरी ओघळतंय. जंतुनाशक पावडर मारली. आता पावडरही ओघळतेय.
शेजारचे मास्तर म्हणाले, तो होता तेव्हा निदान रोजचं रोज वितळत तरी होतं. लोकांना सुधारणा नकोच असते.
सील उघडायचं? छे! म्हणजे चूक कबूल केल्यासारखं. आणि प्रमोशनची यादी तोंडावर आलीय.

१६ मे
ताटात पांढरं काहीतरी दिसलं. ही म्हणाली, लसूण असेल. लसूण वळवळत नाही. उपाशी झोपलो.

१८ मे
उंदरांनी चौकट कुरतडली. सरकारी सीलसुद्धा खाल्लं, म्हणजे आता गुन्हा त्यांचा.
ही मुलांना घेऊन बहिणीकडे गेली. आधी ती घाण काढा, मग मला न्यायला या, असं म्हणाली. रागात बोलली. दोन दिवसांत येईल.

२१ मे
आली नाही.
अख्खी गल्ली आमच्या साहेबांना भेटायला गेली. वाटलं, माझ्या सत्काराचं असेल. दुपारी साहेब स्वतः आले. गाडीतून उतरले नाहीत. काच वर ठेवूनच बोलले. नीट ऐकू आलं नाही, पण सूर कौतुकाचा वाटला नाही.

२३ मे
सील काढलं. मीच. लावतो त्यानेच काढायचं, असा नियम आहे म्हणे. शिपाई लांब उभा राहून सांगत होता. पिंपाचं झाकण उडालं आणि आतलं सगळं थेट माझ्या शर्टावर. दोनदा ओकलो. सफाईवाले आत जायला तयार होईनात. शेवटी गल्लीवाल्यांनी टॅक्सी करून चरबीवाल्याला आणलं. त्याने कढई पेटवली, संध्याकाळपर्यंत सगळं निस्तरलं. बायका त्याला चहा नेऊन देत होत्या. मला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. यादीत नाव नाही, हे शिपायाने तेव्हाच सांगितलं.
चरबीवाल्याने मला साबणाची वडी दिली. घेतली.
घासून घासून तीनदा आंघोळ केली आणि हिला आणायला गेलो. मेहुणीने दार उघडलं, पदर नाकाला लावला आणि परत लोटून घेतलं. आतून हिचा आवाज आला, आधी आंघोळ करून या.
म्हटलं, करूनच आलोय.
आतून कडी लागली.