घाटात दांडा बाहेर

बाबा,

काल दादाच्या पोरानं, तुमच्या नातवानं, मला त्याच्या पिकअपमधून मोताळ्याला नेलं. गाडी कुणाची तरी वापरलेली, पण ह्याचा रुबाब असा, जसा कारखान्यातून हाच पहिला घेऊन निघाला. क्लच नाहीच, गिअर आपोआप पडतात. राजूर घाटाच्या तोंडाशी त्यानं गिअरच्या दांडीवरचं बारकं बटण दाखवलं. "आत्या, हे ओव्हरड्राइव्ह काय भानगड हाये व? मले तर समजूनच नाही राह्यलं." मी म्हटलं, "आधी बंद कर ते. उतार लागला. मग सांगते." त्यानं बटण दाबलं, इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी कुणी मागून धरल्यासारखी सावकाश उतरू लागली. पोरगं माझ्याकडे बघतच राहिलं. "तुले कसं मालूम?" "तुझ्या आजोबांनी शोधून काढलं होतं. पुस्तकात नव्हतं ते." हे वाक्य मी आयुष्यभर इतक्या वेळा बोललेय की आता ते आपोआप तोंडातून निघतं. काल मात्र बोलल्यावर मी पोराकडं न बघता घाटाची वळणं मोजत बसले.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. बोअरवेलच्या कामासाठी, तुम्ही ड्रायव्हर होता त्या ऑफिसात परदेशातून पिकअप आली, हिरवी, स्टिअरिंग उलट्या अंगाला. समोरच्या पत्र्याखाली एक छोटा दांडा होता, आत ढकलायचा, बाहेर ओढायचा. कशाचा, ते कुणालाच ठाऊक नाही. बाकीचे ड्रायव्हर म्हणायचे, "हात नोको लावू बे त्याले. जसा हाये तसा राहू दे." तुमचं तसं नव्हतं. गाडीत एक जरी वस्तू न समजलेली असली तर तुम्हाला जेवण गोड लागायचं नाही. साहेबांच्या मागं लागून तुम्ही गाडीचं इंग्रजी पुस्तक घरी आणलंत आणि माझ्यापुढं ठेवलंत. मी मॅट्रिकला होते. तुम्ही चौथी शिकलेले. गल्लीभर सांगून आलात, "माही पोरगी विलायती पुस्तक वाचते."

त्या रविवारची सकाळ अजून जशीच्या तशी आहे. आई चुलीपाशी भाकरी थापतेय, मी पाटावर बसून डिक्शनरी चाळतेय, आणि तुम्ही दांड्याच्या प्रकरणातल्या, वर 'ओव्हरड्राइव्ह' छापलेल्या चित्रावर बोट ठेवून बसलाय. मधे एक दातेरी चाक, त्याच्याभोवती तीन लहान, आणि सगळ्यांना वेढून बाहेर एक मोठं कडं. मी शब्दाला शब्द लावून वाचते, "मधलं चाक धरून ठेवलं असता बाहेरचं कडं अधिक वेगानं फिरतं." मला स्वतःला काही म्हणजे काही कळलेलं नाही. तुम्ही उठलात, फाटक्या चाळणीचं नुसतं कडं काढलंत, मधे हळदीचा गोल डबा ठेवलात, आणि आईच्या शिवणाच्या डब्यातली तीन रिळं दोघांच्या मधल्या फटीत उभी केलीत. चपखल बसली. "डब्बा धर पोरी, हालू देऊ नोको." मी धरला. तुम्ही रिळं बोटांनी ढकलत डब्याभोवती फिरवलीत. रिळांचा एक फेरा पुरा झाला आणि कडं मात्र जवळजवळ दीड फेरा फिरून गेलं होतं. आई म्हणाली, "हळद सांडसान तुम्ही." पण तीही बघत होती. तुम्ही पुन्हा फिरवलंत, पुन्हा. मग अगदी हळू आवाजात म्हणालात, "म्हंजे इंजिन थोडंसं चालते अन् गाडी जास्त पळते. कमी मेहनत, कमी पेट्रोल. पाह्य, वा रे डोकं!" हे शोधणाऱ्या डोकेबाज माणसाला तुम्ही कधी पाहिलं नव्हतं, पण चाळणीच्या कड्याला हात लावून तो कपाळाला लावलात. पुढं मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं, बाबा. असा धडा मला एकदाही जमला नाही.

आणि मग पुढचं पान आलं. एका चौकटीत चार ओळी, बारीक टाइप, त्यात तीन शब्द डिक्शनरीत मिळेनात. दोनदा वाचलं, अर्थ लागेना. "हे काय हाये?" तुम्ही विचारलंत. मला येत नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण गल्लीभर डंका वाजलेला. मी पान उलटत म्हटलं, "ते तेल बदलायचं आहे. तुम्हाला माहीतच आहे." तुम्ही मान डोलावलीत.

चिखलीच्या सपाट रस्त्यावर दांडा आत ढकलून तुम्ही गाडी पळवून पाहिलीत. तीसएक मैलांचा वेग आला, क्षणभर पाय उचललात, आणि इंजिन एकदम शांत झालं, गाडी मात्र तशीच धावत राहिली. घरी येऊन ते सांगताना तुमचे डोळे लहान लेकरासारखे झाले होते. पुढच्याच आठवड्यात गाडी रोहिणखेडला जायची होती. मावशीकडं सोडतो म्हणून मला पुढं बसवलंत. मागं पाइपांवर दोन मजूर.

पेट्रोल वाचवायला घाटात न्यूट्रल मारणाऱ्या ड्रायव्हरांना तुम्ही किती शिव्या घालायचात! "आपल्या हातानं आपली लगाम तोडून राह्यले हे." त्या दिवशीही राजूर घाटाच्या उतारावर तुम्ही दुसरा गिअर टाकून, इंजिनाच्या जोरावर गाडी आवरायची म्हणून पाय उचललात. दांडा आत होता. इंजिन मंद गुरगुरत राहिलं आणि गाडी मोकाट सुटली. गिअर आहे, पण नसल्यासारखा. ब्रेक दाबून दाबून जळका वास आला. एका वळणावर पाइप सरकले, मागून मजूर ओरडला. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही रस्त्याच्या कडेकडेनं काहीतरी शोधत होता. मग दिसला, डांबरीकरणासाठी टाकलेला खडीचा ढीग. त्यात गाडी घातलीत. नाक रुतलं आणि ती थांबली.

तुम्ही आधी माझ्या डोक्याला हात लावून पाहिलंत, मग उतरून मजुरांना. कुणाला खरचटलंही नव्हतं. मग माझ्यापाशी येऊन विचारलंत, "पोरी, हे पुस्तकात होतं काय?"

"नाही बाबा."

"नीट याद कर."

"नव्हतं."

तुम्ही "बरं" म्हणालात. ब्रेक गार होऊ दिलेत. मजूर दगड घेऊन चाकांपुढं चालत राहिले, आणि पावलापावलानं गाडी खाली उतरवलीत. सपाटीवर आल्यावर इंजिन बंद केलंत, गिअर टाकलात, दांडा आतच ठेवलात, आणि मजुरांना म्हणालात, "ढकला रे पुढं." गिअरमधली गाडी पुढं सरकली! इंजिन जागचं हललं नाही. मग दांडा बाहेर ओढलात. "आता ढकला." दोघांनी जीव काढला, गाडी तसूभर हलेना. तुम्ही तिथंच धुळीत बसून हसायला लागलात. "सायकलीचं फ्री हाये लेकहो हे! पायडल थांबलं तरी चाक पळते. दांडा आत असला की इंजिन गाडीले ओढते, पण गाडी इंजिनाले नाही ओढत. मंग रोखंन कोण?"

अर्ध्या तासापूर्वी मरता मरता वाचलेला माणूस, बाबा, आणि तुमच्या चेहऱ्यावर नुसतं नवल होतं. त्या चौकटीत काय लिहिलं होतं ते मला मात्र तिथंच कळलं आणि मी लाजेनं मेले. जे चार ओळींत छापलेलं होतं ते तुम्ही दोन मजूर आणि एका दांड्यावर शोधून काढलंत, आणि त्या ओळी माझ्यापाशी होत्या.

नंतर तुम्ही गाडीत पांढऱ्या रंगानं, वळणदार अक्षरात लिहिलंत, "घाटात दांडा बाहेर. हे पुस्तकात नाही." तुमच्यानंतरच्या सगळ्या ड्रायव्हरांनी ते वाचलं. मला कॉलेजात घालताना भावकीतल्यांना सांगितलंत, "पोरीनं सारं पुस्तक वाचलं, एक ओळ सोडली नाही." गाडी भंगारात निघाली तेव्हा साहेबांना विचारून पुस्तक मागून आणलंत, खाकी कव्हर घातलंत आणि मला दिलंत. "तुह्यंच हाये हे." मी ते कपाटात सगळ्यात खाली ठेवलं. काल पोरानं विचारलं, "आत्या, आजोबाचं पुस्तक दाखव ना." मी म्हटलं, हरवलं.

नाही हरवलं. आत्ता समोर आहे. चौकटीचं पान उघडलंय, आता शब्द अडत नाहीत. तेव्हा वाचायचं राहिलं, ते वाचते, ऐका.

"दांडा आत असताना कमी वेगात इंजिन गाडीला रोखणार नाही. घाट उतरण्यापूर्वी दांडा बाहेर ओढावा."

पुस्तकात होतं, बाबा.